गुणधर्माची किंमत कशी बदलावी : ओळ आणि झाड यांचा इतिहास

   

आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की ही काय इतिहासाची गोष्ट आहे? एक्सएमएल फाइलीतल्या एखाद्या गुणधर्माची, म्हणजे ॲट्रिब्यूटची, किंमत कमांड लाइनवरून बदलायची. दोन मिनिटांचं काम. पण हे दोन मिनिटांचं काम मी एकदा चुकवलं होतं आणि ते निस्तरायला तीन आठवडे लागले. आपण नक्की कुठे चुकलो ते शोधत गेलो, तर मागे मागे थेट १९६९ सालापर्यंत पोचलो. तर आधी चूक सांगतो, मग इतिहास.

एका छोट्या ग्रंथालयाची पुस्तकांची यादी होती. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हतीच. यादी एक्सएमएलमध्ये, सुमारे ९ हजार नोंदी, सगळी मराठी पुस्तकं. प्रत्येक नोंद साधारण अशी :

<पुस्तक नाव="ययाति" भाषा="मराठी" मूळभाषा="मराठी"/>

हे देवनागरी टॅग मी इथे दाखवायला म्हणून केलेले नाहीत बरं का. एक्सएमएलमध्ये टॅगचं आणि गुणधर्माचं नाव देवनागरीत ठेवता येतं, अगदी काना-मात्रा-वेलांटीसकट. ते पहिल्या दिवसापासून मान्य आहे. आपल्याकडे कुणी ठेवत नाही, हा भाग वेगळा.

तर झालं होतं असं, की सुरुवातीच्या काही हजार नोंदी एका प्रोग्रामने आपोआप भरल्या होत्या. त्याला देवनागरी दिसली की तो ‘हिंदी’ म्हणायचा. म्हणून भाषा="हिंदी" हे जिथे जिथे आहे तिथे भाषा="मराठी" करायचं होतं. मी टर्मिनल उघडलं आणि सेड नावाच्या प्रोग्रामला एक ओळ दिली. वाचून दाखवायची तर ती अशी : एस, तिरकी रेघ, भाषा="हिंदी", तिरकी रेघ, भाषा="मराठी", तिरकी रेघ, जी. एस म्हणजे बदल, जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा सापडेल तितक्या वेळा. पाव सेकंदात काम झालं. मी चहा घेतला.

पंधरा दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन. म्हणाल्या, ‘‘सर, एक विचारू का? प्रेमचंदांनी ‘गोदान’ मराठीत लिहिलं होतं का हो?’’

तुमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेलच. ‘मूळभाषा’ या शब्दाच्या पोटात ‘भाषा’ हा शब्द आहे. सेडला मी सांगितलं होतं, भाषा="हिंदी" ही अक्षरं शोध. ती मूळभाषा="हिंदी" यातही आहेत. हिंदीतून मराठीत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या पाव सेकंदात मूळ मराठी झालं. आणि यातली खरी वाईट गोष्ट ही, की हे उलटं फिरवता येत नाही. आता फाइलीत मूळभाषा="मराठी" असलेल्या हजारो नोंदी. त्यातल्या आधीपासूनच्या कुठल्या आणि मी केलेल्या कुठल्या, हे फाइल बघून कळायला काहीही मार्ग नाही. दोन रंग एकत्र ओतल्यासारखं.

सेडने काही चूक केली का? अजिबात नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने चोख केलं. त्याला गुणधर्म म्हणजे काय हे माहीतच नाही. का माहीत नाही, तो इतिहास आता.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्ज. १९६९ मध्ये तिथे युनिक्सची सुरुवात झाली. केन टॉम्प्सन यांनी एक संपादक लिहिला, नाव फक्त दोन अक्षरांचं : ईडी. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप, म्हणजे कागदावर खडखड छापणारं यंत्र. सगळं लिखाण समोर दिसतंय आणि आपण बोट ठेवून दुरुस्त करतोय, हे शक्यच नव्हतं. ओळ मागायची, ओळ छापून यायची, तिच्यात बदल सांगायचा. यंत्र हळू, म्हणून आज्ञा आखूड. ओळ हे त्या जगातलं मोजमाप होतं, जसं आपल्याकडे कापडाला वार होता.

त्या ईडीत टॉम्प्सन यांनी रेग्युलर एक्स्प्रेशन घातलं. कल्पना त्यांची नव्हे, गणिती स्टीफन क्लीनी यांची, १९५० च्या दशकातली. टॉम्प्सन यांनी ती शोधायच्या कामाला जुंपली आणि १९६८ मध्ये तिच्यावर एक शोधनिबंधही लिहिला. म्हणजे नेमका शब्दच शोध असं नव्हे, तर ‘असा असा आकार असलेली अक्षरं’ शोध.

पुढची हकिगत ब्रायन केर्निहान यांनी अनेकदा सांगितली आहे. ली मॅकमहन नावाचे त्यांचे सहकारी ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करत होते. हे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८ मध्ये टोपणनावाने छापून आलेले ८५ लेख. त्यातला कुठला लेख हॅमिल्टनचा, कुठला मॅडिसनचा, हा वाद. शब्द मोजून लेखक ओळखता येईल का, हे मॅकमहन यांना बघायचं होतं. पण एवढं लिखाण ईडीच्या स्मृतीत मावेना. तेव्हा टॉम्प्सन यांनी ईडीतला शोधायचा भाग कापून वेगळा प्रोग्राम केला, तो ग्रेप. हा फाइल पोटात घेत नाही. एक ओळ वाचतो, बघतो, सोडून देतो, पुढची घेतो. मग मॅकमहन यांनी विचार केला, शोधायला एक प्रोग्राम, बदलायला दुसरा, गाळायला तिसरा, असं किती करायचं? १९७३-७४ च्या सुमारास त्यांनी सेड लिहिला. स्ट्रीम एडिटर. ईडीच्याच आज्ञा, पण वाहत्या पाण्यावर. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे गेला आणि आज तुमच्या लॅपटॉपवर, फोनच्या आतही कुठेतरी बसलेला असतो.

सेड एका वेळी एकच ओळ हातात धरतो. आधीची ओळ त्याने विसरलेली असते, मुद्दाम सांभाळून ठेवायला सांगितली नाही तर. पुढची त्याने पाहिलेली नसते. त्याचा वेग आणि त्याची ताकद यातूनच येते. आंधळेपणाही.

आता त्याच १९६९ सालात, तिथून काही तासांच्या अंतरावर, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला येऊ. आयबीएमचं संशोधन केंद्र. तिथे चार्ल्स गोल्डफार्ब. पेशाने वकील. हे मला फार आवडतं, या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एक वकील आहे. वकिलांच्या कार्यालयांसाठी दस्तऐवज लिहिणं, शोधणं आणि छापणं, हे तीन वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलू शकतील अशी व्यवस्था करायची होती. गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी जीएमएल काढलं. जी, एम, एल : तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही तीच, हा योगायोग नव्हता.

त्यांचा विचार असा : मजकुरात ‘हे ठळक छाप’ असं लिहू नका. ‘हे शीर्षक आहे’ असं लिहा. ठळक करायचं की नाही हे छापणारा ठरवेल. आणि शीर्षक प्रकरणाच्या आत, प्रकरण पुस्तकाच्या आत. दस्तऐवज म्हणजे ओळींची चळत नव्हे, ते एक झाड आहे. या झाडाच्या फांदीला चिकटवलेली चिठ्ठी म्हणजे गुणधर्म. फांदीविषयीची माहिती, फांदीच्या आतला मजकूर नव्हे.

‘किंमत’ हा शब्द मी वापरतोय त्याचं आश्चर्य वाटायला नको. शाळेत ‘क्षची किंमत काढा’ म्हणायचो, तीच ही किंमत. संगणकाच्या मराठी पुस्तकांत ‘मूल्य’ म्हणतात, मला ते उगाच जड वाटतं.

१९८६ मध्ये याचंच आंतरराष्ट्रीय मानक झालं, एसजीएमएल. त्यात टंकणाऱ्याचे श्रम वाचवायला इतक्या सवलती दिल्या की वाचणाऱ्या प्रोग्रामचे हाल. अवतरणचिन्हं गाळा. शेवटचा टॅग गाळा. इतकंच काय, काही ठिकाणी गुणधर्माचं नावच गाळा, नुसती किंमत लिहा. जुन्या एचटीएमएलमध्ये यादीतल्या पर्यायाला नुसतं ‘सिलेक्टेड’ लिहायचे, आठवतं? सगळ्यांना वाटायचं ते गुणधर्माचं नाव. एसजीएमएलच्या नियमाने ती किंमत होती, नाव गाळलेलं. आणखी एक गंमत : गुणधर्माची किंमत फाइलीत कुठेच लिहिलेली नसली तरी चालायचं. नियमांच्या वेगळ्या फाइलीत, म्हणजे डीटीडीत, ‘काही लिहिलं नाही तर हे समजा’ असं असायचं. ही सोय एक्सएमएलनेही ठेवली. आता सांगा, जी किंमत कुठल्याच ओळीत नाही ती सेड बदलणार कशी?

म्हणजे दोन जगं. एकाचा देव ओळ, दुसऱ्याचा देव झाड. वीसएक वर्षं दोघांची फारशी भेट नाही. युनिक्सवाल्यांना एसजीएमएल म्हणजे सरकारी कामकाज वाटायचं, आणि एसजीएमएलवाल्यांना युनिक्सची अवजारं म्हणजे सुताराच्या पेटीत हातोडा एवढा एकच.

दोघांमध्ये पहिला कामचलाऊ पूल बांधला जेम्स क्लार्क यांनी. एसजीएमएल वाचणारा त्यांचा प्रोग्राम, एसजीएमएलएस, आणि नंतर एनएसजीएमएलएस. तो झाड वाचायचा आणि ओळी बाहेर टाकायचा. एका ओळीत एकच घटना. फांदी सुरू झाली : उघडा कंस आणि नाव. फांदी संपली : बंद कंस आणि नाव. मजकूर असेल तर सुरुवातीला आडवी रेघ. आणि गुणधर्म असेल तर ओळीच्या सुरुवातीला ए हे अक्षर, मग नाव, प्रकार, किंमत. गंमत म्हणजे गुणधर्मांच्या ओळी फांदीच्या ओळीच्या आधी येत. आधी चिठ्ठ्या, मग फांदी.

या साध्या युक्तीने किती फरक पडला बघा. झाड आता ओळींत आलं. ‘ए’ने सुरू होणारी आणि पुढे ‘भाषा’ हे नाव असलेली ओळ, एवढंच ग्रेपला सांगायचं. ‘मूळभाषा’ची ओळ वेगळी, कारण तिथे ए नंतर ‘मूळ’ येतं. माझी चूक त्या पद्धतीत झालीच नसती! पुढे शॉन मॅग्रा यांनी याच धर्तीवर एक्सएमएलसाठी पायएक्स नावाची पद्धत काढली, तिच्यात फांदी आधी आणि गुणधर्म नंतर. डॅन एग्नर यांचा एक्सएमएल-टू हा प्रोग्राम आणखी पुढे गेला. तो प्रत्येक ओळीवर मुळापासूनचा पूर्ण पत्ता लिहितो, आणि त्याचा जोडीदार त्या ओळींतून पुन्हा एक्सएमएल उभं करतो.

पण पुलावरून पलीकडे गेलेलं सगळं परत येत नाही. पायएक्समध्ये टिप्पण्यांना, म्हणजे कॉमेंट्सना, जागाच नव्हती. कुणी फाइलीत ‘हा आकडा तपासायचा आहे’ असं लिहून ठेवलं असेल, तर परतीच्या प्रवासात ते गायब.

१० फेब्रुवारी १९९८ ला एक्सएमएल १.० आलं. समितीचे प्रमुख सन कंपनीचे जॉन बोसाक. संपादक टिम ब्रे, ज्याँ पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन. यातले ब्रे हे त्याआधी कॅनडात वॉटर्लूला ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संगणकीकरणावर काम केलेले. प्रचंड खुणा केलेला मजकूर शोधायचा म्हणजे काय, हे त्यांना हाताने माहीत होतं. एक्सएमएलच्या उद्दिष्टांत लिहिलंय की ते वाचणारे प्रोग्राम लिहिणं सोपं असावं. त्यांच्या चर्चांत एक पात्र वारंवार यायचं : ‘हातघाईला आलेला पर्लवाला’. म्हणजे संध्याकाळपर्यंत हजार फाइलींत काहीतरी बदलून द्यायचंय, आणि हातात फक्त पर्ल भाषा आणि रेग्युलर एक्स्प्रेशन. त्या बिचाऱ्याला जमेल असं हे असावं.

मग जमलं का? मला वाटतं, अर्धंच. सवलती काढून टाकल्या ते छान केलं. किंमतीला अवतरणचिन्हं सक्तीची झाली, नाव गाळता येईना, शेवटचा टॅग हवाच. पण अवतरणचिन्हं एकेरी किंवा दुहेरी, दोन्ही चालतील. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा चालेल. गुणधर्म एका ओळीत एक असे खाली खाली लिहिले तरी चालतील. त्यांचा क्रम कुठलाही. किंमतीच्या आत डावा कोनी कंस चालत नाही, उजवा मात्र चालतो. म्हणजे ‘टॅग उजव्या कंसाला संपतो’ हे पर्लवाल्याचं गृहीतकच गेलं.

इथे एक लोकप्रिय समज थोडा दुरुस्त करतो. ‘रेग्युलर एक्स्प्रेशनने एक्सएमएलला हात लावू नये, गणितानेच ते अशक्य आहे’ असं सगळे म्हणतात. आधार नोम चॉम्स्की यांच्या १९५० च्या दशकातल्या वर्गवारीचा : एकात एक कितीही खोल बसणाऱ्या रचना रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आवाक्याबाहेर. ते खरंच आहे. पण एकटा उघडणारा टॅग घ्या, गुणधर्मांसकट. टॅगच्या आत टॅग नसतो. गुणधर्मांच्या आत गुणधर्म नसतात. तो आवाक्यात आहे! १९९८ मध्येच रॉबर्ट कॅमेरॉन यांनी दाखवलं की एका लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशनने अख्खी फाइल टॅग, टिप्पणी, मजकूर अशा तुकड्यांत बिनचूक कापता येते. तेव्हा अडचण टॅगची नाही. अडचण आहे तो टॅग कुठे आहे याची. टिप्पणीच्या आत आहे का? कुठल्या फांदीवर आहे? वरची फांदी कुठली? हे सेडच्या हातातल्या ओळीत लिहिलेलं नसतं.

हा ‘कुठे’ लिहायची भाषा १६ नोव्हेंबर १९९९ ला आली. एक्सपाथ. संपादक पुन्हा जेम्स क्लार्क, आणि स्टीव्ह डेरोझ. पत्ता लिहायचा, फोल्डरचा लिहितो तसा तिरक्या रेघांनी, आणि गुणधर्मापुढे ईमेलमधलं ‘ॲट’ चिन्ह. माझ्या यादीसाठी तो असा झाला असता :

//पुस्तक[@भाषा="हिंदी"]/@भाषा

कुठेही असलेलं पुस्तक, ज्याची भाषा हिंदी, त्याचा भाषा हा गुणधर्म. ‘मूळभाषा’ यात येऊच शकत नाही, कारण इथे अक्षरं शोधली जात नाहीत, नाव विचारलं जातं. अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, गुणधर्म कुठल्या ओळीवर, हे प्रश्नच उरत नाहीत.

त्याच दिवशी एक्सएसएलटीही आलं. त्यात गुणधर्म बदलायचा म्हणजे ‘सगळं जसंच्या तसं उतरव, फक्त हे वेगळं लिही’ असा छोटा प्रोग्राम लिहायचा. एका किंमतीसाठी पंधरा ओळी. कमांड लाइनवरच्या माणसाला ते म्हणजे सुई हवी असताना शिवणयंत्र दिल्यासारखं. मग २००२ च्या सुमारास मिखाइल ग्रुशिन्स्की यांचा एक्सएमएलस्टारलेट आला. आत खालच्या बाजूला दानिएल वेयार यांची लिबएक्सएमएल. यात बदल करायच्या उपआज्ञेचं नाव काय? ईडी. टॉम्प्सन यांची तीच दोन अक्षरं. वजा यू देऊन पत्ता, वजा व्ही देऊन नवी किंमत. संपलं.

इथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. ग्रंथालयाच्या प्रकरणानंतर मी निष्ठेने एक्सएमएलस्टारलेट वापरायला लागलो. आणि दुसरा धडा मिळाला. एकच किंमत बदलली. मग जुन्या-नव्या फाइलींतला फरक काढून पाहिला. शेकडो ओळी बदललेल्या! गुणधर्म खाली खाली नीट मांडलेले होते, ते एका ओळीत आले. एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी झाली. एका फाइलीच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग लिहिलेलं नव्हतं. त्या वेळच्या लिबएक्सएमएलने तिच्यातल्या सगळ्या देवनागरीचे आकडे करून टाकले. ‘पुणे’ या शब्दाचे चार क्रमांक : २३४६, २३६९, २३३९, २३७५. प, उकार, ण, मात्रा. यंत्राला फरक नाही, ते वाचून पुन्हा ‘पुणे’च दाखवेल. पण ग्रंथपाल बाईंनी ती फाइल उघडली तर?

हा बिघाड नव्हता. झाडवाला प्रोग्राम फाइल वाचतो, मनात झाड उभं करतो, फाइल फेकून देतो, आणि शेवटी झाडावरून नवी फाइल लिहितो. जे झाडात नव्हतं ते परत येत नाही. मग झाडात काय असतं आणि काय नसतं, हे कुणी ठरवलं? समितीने, लेखी. ऑक्टोबर २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ‘इन्फोसेट’ नावाचा दस्तऐवज काढला. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे : या माहितीत काय धरलेलं नाही. गुणधर्मांचा क्रम. टॅगच्या आतली मोकळी जागा. किंमतीभोवतीची अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी. मला ते परिशिष्ट वाचताना खटल्याचा निकाल वाचल्यासारखं वाटलं. माणसाच्या डोळ्याला जे पहिल्यांदा दिसतं, ते कायद्याने ‘नाही’ ठरवलेलं.

त्यांचीही बाजू होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘कॅनॉनिकल एक्सएमएल’ आलं होतं. दस्तऐवजावर डिजिटल सही करायची, तर दोन फाइली ‘एकच’ कधी म्हणायच्या हे ठरवावं लागतं. नाहीतर कुणी मोकळी जागा वाढवली की सही मोडायची. म्हणून नियम : चिन्हं दुहेरी, गुणधर्म ठरावीक क्रमाने लावलेले, एन्कोडिंग यूटीएफ-८. सहीसाठी हे योग्यच. पण तेच माप घराघरातल्या फाइलीला लावलं की माझ्यासारख्याला फटका बसतो.

तर ओळवाला आणि झाडवाला यांचा हा सौदा असा उलटसुलट आहे. सेड तुम्ही न सांगितलेल्या एकाही अक्षराला हात लावत नाही, पण आपण कशाला हात लावला हे त्याला कळत नाही. एक्सएमएलस्टारलेटला आपण कशाला हात लावला ते नेमकं कळतं, पण बाकीची फाइल तो आपल्या अक्षरात उतरवून काढतो. त्याला वजा मोठा पी दिला तर तो मांडणी बरीचशी राखतो, पण टॅगच्या आतली नाही.

एक उदाहरण देऊन संपवतो, कारण त्यात मराठी आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा, २००४ पासूनचा. त्याच्या एक्सएमएलमध्ये गावाचं नाव टॅगच्या आत मजकूर म्हणून नसतं, गुणधर्मात असतं. के या गुणधर्मात ‘नाव, मराठी’ अशा अर्थाची किल्ली आणि व्ही या गुणधर्मात प्रत्यक्ष मराठी नाव. म्हणजे नकाशावरचं मराठी हे सगळं गुणधर्मांच्या किंमतींत राहतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारायची तर गुणधर्माचीच किंमत बदलायची, आणि तीसुद्धा शेजारच्या गुणधर्माकडे बघून. आता त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलीत अवतरणचिन्हं दुहेरी असतात. तोच भाग जोसम या त्यांच्या प्रसिद्ध संपादकातून साठवला, की एकेरी! एकावर बरोबर चाललेली सेडची ओळ दुसऱ्यावर काहीच करत नाही. तक्रारही करत नाही. न सापडणं ही सेडच्या लेखी चूक नाही.

आणि झाडवाल्याचाही असाच एक मुका अपघात आहे. जानेवारी १९९९ पासून नेमस्पेस आले. फाइलीच्या मुळाशी एक नेमस्पेस जाहीर केलेला असेल, तर पुस्तक हे नुसतं पुस्तक राहत नाही, त्या घराण्यातलं पुस्तक होतं. तुमचा पत्ता नुसत्या ‘पुस्तक’ला विचारतो. उत्तर : शून्य. फाइल तशीच बाहेर. आणि गंमत बघा, गुणधर्मांना हे घराणं लागत नाही. फांदी घराण्याची, चिठ्ठी बिनघराण्याची. नवशिक्याचे दोन दिवस इथे हमखास जातात, माझेही गेले.

म्हणून आता मी बदलायच्या आधी मोजतो. पत्ता एक्सपाथच्या काउंटमध्ये घालून विचारतो, किती सापडले? ग्रेपलाही वेगळं विचारतो. दोन आकडे जुळले नाहीत तर हात बांधून बसतो. त्या दिवशी मोजलं असतं तर ‘भाषा’चे आणि सेडने पकडलेल्यांचे आकडे वेगळे आले असते.

कुणाला काही विचारायचंय?

(श्रोत्यांतून प्रश्न : ‘भाषा’च्या आधी एक मोकळी जागा सोडून लिहिलं असतं, तर ‘मूळभाषा’ वाचली नसती का?)

वाचली असती. त्या फाइलीपुरती तरी. मी ते नंतर करूनही पाहिलं. पण काही नोंदी कुणीतरी हाताने भरल्या होत्या आणि त्यात ‘भाषा’ ओळीच्या अगदी सुरुवातीला होतं, आधी मोकळी जागा नाहीच. त्या सुटल्या असत्या. मग ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागा किंवा टॅब, असं वाढवत जायचं. प्रत्येक वेळी आणखी एक फट बुजवायची.

(प्रश्न : त्या ग्रंथालयाच्या यादीचं पुढे काय झालं?)

एक जुनी प्रत सापडली, सेड चालवायच्या आठवडाभर आधीची. तिच्यातून बहुतेक मूळभाषा परत घेता आल्या, एक्सपाथने, नोंद क्रमांक जुळवून. मधल्या आठवड्यात भरलेल्या साठएक नोंदी मात्र कुठेच नव्हत्या. त्या बाईंनी आणि मी कपाटांपुढे उभं राहून केल्या. पुस्तक काढायचं, आतलं पान उघडायचं, ‘अनुवाद’ लिहिलंय का बघायचं. ‘गोदान’ खालच्या फळीवर होतं.